‘रिजेक्ट’ झालेल्या आवाजाची मजुरी

(बीड जिल्ह्यातल्या महिला गटांच्या अंबाजोगाई इथल्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बाईचा आवाज हा शब्द आपल्या चळवळीत आपण हजार वेळा वापरला आहे. आवाज उठवणं, आवाज दाबणं, बिनआवाजाच्या बायका. आज मला या शब्दाच्या साध्या अर्थाविषयी बोलायचं आहे. गळ्यातून निघणारा, फोनमध्ये भरला जाणारा, यंत्रावर मोजला जाणारा आणि बाजारात विकला जाणारा आवाज. तो विकून चार पैसे मिळवणाऱ्या बाया आता आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांच्या कामातला एक शब्द आज आपल्या गटांत रोज ऐकू येतो. तो म्हणजे ‘रिजेक्ट’.

हे काम नेमकं काय आहे ते आधी सांगते, कारण इथे बसलेल्या पुष्कळ जणींना ते नवं असेल. त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला जुना आहे. निवडणुकीतली रिक्षावरची जाहिरात, सराफाच्या दुकानाची जाहिरात, शासकीय योजनेची ध्वनिफीत. दुसरा, बोलक्या पुस्तकांचा. ‘स्टोरीटेल’ ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली ती इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊनच. तेव्हापासून मराठी पुस्तकं वाचून देणाऱ्या आवाजांना काम मिळू लागलं. तिसरा प्रकार सर्वांत नवा आणि आपल्या गावांपर्यंत सर्वांत जास्त पोचलेला आहे. यंत्राला मराठी समजावी, यंत्राने मराठीत बोलावं, म्हणून माणसांच्या तोंडची हजारो वाक्यं गोळा केली जातात. फोनवर एक वाक्य दिसतं, ते वाचायचं, बटण दाबायचं, पुढचं वाक्य. वाक्यागणिक पैसे. हे काम आमच्या गटातल्या दहावी-बारावी झालेल्या मुली करतात, बाळंतपणामुळे यंदा उसाला न गेलेल्या बाया करतात, नवऱ्याने टाकलेल्या आणि माहेरी राहणाऱ्या बाया करतात. घर न सोडता, कोयता न धरता होणारं काम म्हणून त्याचं अप्रूप आहे. ते अप्रूप मला मोडायचं नाही. पण या कामाचा हिशेब मात्र आपण समजून घेतला पाहिजे.

शांतता कुणाच्या घरात असते?

आवाजाच्या कामाला दर्जाचे नियम असतात आणि ते आकड्यांत असतात. उदाहरण म्हणून जगभर वापरला जाणारा एक लिखित नियम सांगते. ‘ऑडिबल’ कंपनीची ‘एसीएक्स’ नावाची बोलक्या पुस्तकांची व्यवस्था आहे. तिच्या नियमानुसार आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये हवी. सर्वांत मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या वर जाता कामा नये. आणि कुणी बोलत नसताना जी खोलीची घरघर उरते ती उणे ६० डेसिबलपेक्षा कमी हवी.

हे आकडे ऐकून दडपून जाऊ नका. यंत्र जास्तीत जास्त जेवढा आवाज धरू शकतं त्याला शून्य म्हणतात. त्याच्या खाली मोजायचं म्हणून उणे. उणे ६० म्हणजे लाटेची उंची त्या कमाल आवाजाच्या हजाराव्या भागाइतकी. म्हणजे पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारच्या गिरणीचा पट्टा बंद, पोर झोपलेलं, सासऱ्यांना खोकला नाही, कोंबडा नाही, बाहेर डीजे नाही, भोंगा नाही. वरच्या आकड्याची गोष्ट उलटी आहे. फोन तोंडाजवळ धरून जोरात बोललं की लाटेचा शेंडा छाटला जातो आणि आवाज फाटतो. त्याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. छाटलेला शेंडा नंतर परत जोडता येत नाही. तिसरी अडचण घुमण्याची. पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात. ऐकणाऱ्याला ती बाई विहिरीत बसून बोलल्यासारखी वाटते.

आता विचार करा. हा नियम लिहिणाऱ्याने बाईशी काही वैर धरलेलं नाही. ऐकणाऱ्याला स्वच्छ आवाज मिळावा एवढाच त्याचा हेतू आहे. पण नियम पाळायला काय लागतं? दार लावता येईल अशी खोली, कुणी हाक मारणार नाही असा तास आणि वीज. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं राहतात तिथे या तिन्ही गोष्टी बाईच्या वाट्याला येत नाहीत. पुरुष कामाला बसला की घर गप्प होतं. बाई कामाला बसली की तिला चहा मागितला जातो. म्हणून आमच्या गटातल्या बहुतेक जणींचं रेकॉर्डिंग रात्री एक ते पहाटे चारच्या मधलं आहे. झोप मोडून मिळवलेली ती शांतता आहे. कंपनीच्या कागदावर तिची किंमत शून्य धरली जाते.

बायांनी शोधलेला स्टुडिओ

तरीही बाया अडून बसत नाहीत. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात. त्याचं काम एवढंच, की आवाज शोषून घ्यायचा, परत फेकायचा नाही. ते काम गोधडी करते. दोन दोऱ्या बांधून तीन बाजूंनी जाड गोधड्या लटकवल्या आणि मध्ये बसलं की पत्र्याच्या घरातलं घुमणं पुष्कळ कमी होतं. त्याहून चांगली जागा म्हणजे वेचणीनंतर घरात कापूस भरलेला असतो ती खोली. ज्वारीच्या पोत्यांची थप्पी, कडब्याच्या पेंढ्या, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, सगळं उपयोगी पडतं. नुसती भिंत आणि नुसता पत्रा टाळायचा, एवढं लक्षात ठेवा.

आणखी चार गोष्टी आम्ही सगळ्या गटांना सांगतो. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला धरायचा, म्हणजे प, फ, भ म्हणताना वाऱ्याचा धक्का माइकवर बसत नाही. फोन विमान मोडवर टाकायचा, म्हणजे मध्येच रिंग वाजत नाही. काम अ‍ॅपमधूनच करायचं असेल तर आधी भरून ठेवायचं आणि जोडणी नंतर चालू करायची, अ‍ॅप तसं करू देत असेल तर. सुरुवातीला आणि शेवटी दोन सेकंद गप्प बसायचं, म्हणजे पहिला-शेवटचा शब्द तुटत नाही आणि खोलीची घरघर किती आहे तेही कळतं. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर व्हॉइस नोट म्हणून पाठवायची नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. व्हॉइस नोट आवाज दाबून लहान करते. घरी चांगला असलेला आवाज तिथे पोचेपर्यंत बिघडतो आणि दोष बाईच्या माथी येतो.

एवढं केल्यावर पुष्कळशी नामंजुरी टळते. आता जी टळत नाही तिच्याकडे वळू.

नापास होण्याचे चार प्रकार

‘रिजेक्ट’ हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

पहिला प्रकार मोजता येणारा. खरखर, घुमणं, फाटलेला आवाज, अर्धवट फाइल. इथे यंत्र आकडा सांगतं. तो आकडा बाईलाही सांगता येतो. दूध डेअरीवर घालणाऱ्या बायांना मी नेहमी विचारते, फॅट कमी लागलं तर तुम्हाला कसं कळतं? त्या म्हणतात, मशीनवर दिसतं, पावतीवर छापून येतं. भांडण होतं, पण आकडा दोघांच्या समोर असतो. आवाजाच्या कामात ती पावतीसुद्धा नाही.

दुसरा प्रकार वाचनातल्या चुकीचा. शब्द गाळला, दोनदा म्हटला, अडखळली. ही चूक आहे, पण अर्ध्या मिनिटात सुधारता येणारी आहे. पुन्हा बोलायची संधी देणं हा त्यावरचा सरळ उपाय.

तिसरा प्रकार बोलीचा, आणि इथे मला जरा थांबायचं आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटलं, ‘होय’ऐवजी ‘व्हय’ आलं, हेल मराठवाड्याचा लागला, की शेरा येतो, ‘उच्चार अशुद्ध’. आपण ज्या गावात बसलो आहोत तिथे मुकुंदराजांची समाधी आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये लिहिला गेला अशी परंपरा आहे, आणि त्यांना आपण मराठीचे आद्यकवी म्हणतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा अंबाजोगाईचं नाव अभिमानाने घेतलं गेलं. आणि याच तालुक्यातल्या बाईची मराठी मात्र अशुद्ध ठरते! ‘न’ आणि ‘ण’चा हा फरक नुसता जिभेचा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. कुणाच्या घरात कोणता उच्चार होतो यावरून जात ओळखणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

गंमत अशी की, बाजाराला हीच बोली दुसऱ्या दारातून हवी असते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आर्टपार्क आणि गूगल यांनी २०२२ च्या डिसेंबरात ‘वाणी’ प्रकल्प सुरू केला. त्यात जिल्ह्याजिल्ह्यातून लोकांचं बोलणं जमवायचं ठरलं. वाचून दाखवायचं नाही, चित्र बघून आपल्या बोलीत सांगायचं. असं का? कारण पुस्तकी मराठीवर शिकवलेल्या यंत्राला शेतकऱ्याचं बोलणं कळत नाही. म्हणजे एका कामात ज्या ‘पानी’ने पैसे बुडतात, दुसऱ्या कामात त्याच ‘पानी’चे पैसे मिळतात. याचा अर्थ ‘पानी’ ही चूक नाही. ती ज्या मालाची मागणी नव्हती तो माल आहे. आणि कोणता माल हवा हे आधी सांगणं ही घेणाऱ्याची जबाबदारी असते. पाच वाक्यांचा नमुना ऐकून ‘हा उच्चार आम्हाला चालणार नाही’ असं पहिल्या दिवशी सांगता येतं. सातशे वाक्यं भरून घेतल्यावर ते सांगणं याला मी फसवणूक म्हणते.

चौथा प्रकार पसंतीचा. आवाज ‘गोड’ नाही, ‘जाडा’ आहे, ‘तरुण’ वाटत नाही, ‘घरगुती’ वाटतो. इथे बाई कुठेच चुकलेली नाही. दुकानातून शिवून घेतलेला कपडा नंतर आवडला नाही म्हणून शिलाई बुडवता येत नाही. मग इथे ती कशी बुडते?

आवाजाआडून बाईचीच परीक्षा

दर्जाच्या नावाखाली बाईचीच परीक्षा घेण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. १९४६ साली, हंगामी सरकारात माहिती व नभोवाणी खातं वल्लभभाई पटेलांकडे असताना, ज्यांचं खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना नभोवाणीवर घेऊ नये असं धोरण आलं. त्याचा फटका बसला तो कोठीवर गाणाऱ्या स्त्रियांना. सुरुवातीच्या काळात नभोवाणीचं संगीत ज्यांच्या गळ्यावर उभं राहिलं त्याच या बाया. त्यांचा सूर बिघडला नव्हता. त्या कोण आहेत हे नापसंत होतं. पुढे बाळकृष्ण केसकर मंत्री झाले आणि १९५२ पासून कलावंतांच्या आवाजचाचणीची व श्रेणीची पद्धत आली. त्या पद्धतीवरही तेव्हा खूप वाद झाले. पण निदान चाचणी कशाची, श्रेणी कोणती आणि त्या श्रेणीला मानधन किती, हे ठरलेलं होतं. नापास झालेल्याला आपण नापास आहोत हे कळत होतं आणि काही काळाने पुन्हा चाचणी देता येत होती.

दुसरं उदाहरण आपल्या बाजूने उभं राहणारं आहे. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी’च्या बायकांचं सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालू आहे. माणदेशातल्या बाया तिथे आपल्याच भाषेत बोलतात. ऐकणारा कोण हे एकदा ठरलं की कोणता आवाज चांगला हेही आपोआप ठरतं. दर्जा आकाशातून पडत नाही. कुणासाठी आणि कशासाठी, यावर तो ठरतो.

हिशेब मांडून बघू

आता पैशाकडे येऊ. समजा, पास झालेल्या वाक्याला १ रुपया दर आहे आणि तासाला १०० वाक्यं होतात. ऐकायला तासाला १०० रुपये. त्यातली ३० नापास झाली. ती पुन्हा बोलायला २० मिनिटं. घर गप्प होण्याची वाट बघणं, गोधड्या बांधणं, रेंजसाठी गच्चीवर जाऊन फाइली चढवणं, याला अर्धा तास. म्हणजे १ तास ५० मिनिटांत १०० रुपये. तासाला पंचावन्नच्याही आत. आणि पुन्हा बोलायची संधी दिलीच नाही तर दीड तासात ७० रुपये, म्हणजे तासाला ४७. हा समजायला मांडलेला हिशेब आहे. पण प्रत्येकीने आपले खरे आकडे घालून तो वहीत मांडावा, म्हणजे कागदावरचा दर आणि हातात पडणारी मजुरी यांत किती अंतर आहे ते दिसेल.

हे आपल्याच जिल्ह्यात घडतं असं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ७५ देशांतल्या ३,५०० कामगारांची पाहणी करून २०१८ साली अहवाल काढला. इंटरनेटवर तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्या या लोकांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं काम कधी ना कधी नाकारलं गेलं होतं किंवा पैसे अडवले गेले होते. आणि पैसे मिळणाऱ्या दर तासामागे सरासरी २० मिनिटं बिनपैशाची जात होती. अ‍ॅमेझॉनने २००५ साली सुरू केलेल्या ‘मेकॅनिकल टर्क’मध्ये काम देणाऱ्याला ते नाकारायची मुभा होती, पैसे न देता. नाकारलेलं काम मात्र त्याच्याकडेच राही. त्यावर २००८ साली लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कऑप्टिकॉन’ तयार केलं. कोण पैसे बुडवतो, कोण उत्तर देतो, याची नोंद कामगारांनीच ठेवायची आणि एकमेकांना दाखवायची. मालक कामगाराला गुण देतो, तसे कामगारांनी मालकाला गुण दिले. ही कल्पना आपल्या बचत गटांना अवघड नाही. वही तर आपल्याकडे आहेच.

कुणी म्हणेल, गरीब, कमी शिकलेल्या बायांचं काम खरोखरच कमी दर्जाचं असेल. त्याला उत्तर आहे, आणि ते मराठीवरच्याच अभ्यासाचं आहे. ‘कार्या’ नावाच्या प्रकल्पातून संशोधकांनी ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं गोळा केलं आणि २०२० साली निष्कर्ष मांडले. त्या ३६ जणांत तीन गट होते : खेड्यातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी. गरिबांनी दिलेल्या आवाजाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. तेव्हा ‘गावच्या बायांना जमत नाही’ हे वाक्य पुन्हा कुणी म्हटलं तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा.

नवा मुकादम

आपल्या जिल्ह्याला मुकादम म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कारखाना आणि मजूर यांच्या मध्ये तो उभा असतो. उचल तो देतो, खाडा तो मांडतो, हिशेब त्याच्या वहीत असतो. आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या बाईची मजुरी नवऱ्याच्या नावाने जमा होते.

आवाजाच्या कामात काय दिसतं? मोठी कंपनी शहरातल्या संस्थेला काम देते, ती जिल्ह्यातल्या एजन्सीला, ती तालुक्याच्या माणसाला, आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायांना. नामंजुरीचा आकडा तोंडी येतो, ‘ताई, वरून रिजेक्ट आलं’. वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नसतं, किंवा सांगायचं नसतं. फोन नवऱ्याचा, खातं नवऱ्याचं. म्हणजे हा पुन्हा अर्धा कोयताच झाला, फक्त हातात लोखंड नाही.

आमच्या गटातल्या बायांबरोबर एका एजन्सीशी मी बोलणी केली, त्याविषयी थोडक्यात सांगते. जवळजवळ निम्मी वाक्यं खरखरीमुळे नापास, म्हणून पैसे कापले, असं तिने कळवलं. आम्ही वाद घातला नाही. एवढंच लेखी मागितलं : प्रत्येक फाइलचा क्रमांक आणि त्यापुढे नापास होण्याचं कारण. पहिले तीन आठवडे ‘यादी निघत नाही’ हे उत्तर. मग बाया एकत्र गेल्या. यादी निघाली. ती घेऊन सगळ्या जणी कानाला हेडफोन लावून बसल्या आणि स्वतःकडे ठेवलेल्या प्रती ऐकल्या. खरखर होती ती बायांनीच कबूल केली. पण पुष्कळ फाइली स्वच्छ होत्या आणि त्यांच्यापुढे कारण होतं ‘उच्चार’. काहींपुढे तर कारणच नव्हतं. कारण नसलेल्या फाइलींचे पैसे मिळाले. उच्चाराच्या फाइलींचे अर्धे मिळाले. बाकीचे अजून मिळालेले नाहीत. हा मोठा विजय नाही. पण ‘वरून आलं’ या शब्दामागे कागद असतो आणि तो मागता येतो, हे बायांना कळलं. प्रती ठेवल्या होत्या म्हणून हे जमलं. ज्यांनी जागा नाही म्हणून फोनमधून फाइली पुसून टाकल्या होत्या, त्यांना काहीच दाखवता आलं नाही.

नाकारलेला आवाज जातो कुठे?

माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नापास भाकरी आपण गायीला घालतो. नापास आवाज कंपनी कुठे घालते? तो पुसला जातो का? की पैसे न देता यंत्राला शिकवायला वापरला जातो? बाईला ते कळायला आज मार्ग नाही.

कायद्यात काही आधार आहेत, ते लिहून घ्या. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७० : कुणी फुकट करायच्या इराद्याने केलेलं नाही असं काम कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. म्हणजे नाकारलं असेल तर वापरू नका, वापरलं असेल तर पैसे द्या. प्रताधिकार कायदा, १९५७, कलम ३८ सादरकर्त्याचे हक्क मानतं. सही करण्याआधी आपण कोणते हक्क देऊन टाकतो आहोत ते वाचायला हवं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागताना द्यायची सूचना आपल्याला मराठीत वाचायला मिळाली पाहिजे आणि संमती मागे घेता आली पाहिजे, हे त्या कायद्यात आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ‘गिग’ आणि ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या आहे. व्याख्येत नाव आलं म्हणून किमान वेतन मिळत नाही. पण आपण कामगार आहोत, ‘फावल्या वेळात बोलणाऱ्या ताई’ नाही, एवढं म्हणायला ती उपयोगी आहे.

आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली गायक अरिजित सिंग यांना आणि २०२५ साली आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिलं. माणसाचा आवाज ही त्याच्या व्यक्तिमत्त्वाची गोष्ट आहे, ती परवानगीशिवाय उचलता येत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आलं. ते नामवंतांसाठी आलं. गेवराईच्या नाहीतर केजच्या बाईसाठी ते कोण मागणार? तिची नक्कल केलेला आवाज उद्या एखाद्या घाणेरड्या जाहिरातीत वाजला, तर गावात तिला काय भोगावं लागेल ते तुम्ही जाणता. ‘बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेला’ म्हणून मारहाण झालेल्या घरांत आपण जाऊन आलो आहोत.

आपण काय मागायचं?

दर्जा नको असं आपण म्हणत नाही. वाईट आवाज स्वीकारा, बाई आहे म्हणून सूट द्या, अशी भीक आपल्याला मागायची नाही. मागण्या साध्या आहेत.

१. काम सुरू होण्याआधी दर्जाचे नियम मराठीत, लेखी, आकड्यांसह मिळावेत.

२. पहिल्या पाच-दहा वाक्यांचा नमुना तपासून, बोली आणि आवाज चालतो की नाही, ते तिथेच सांगावं. त्यानंतर बोली किंवा पसंती या कारणाने पैसे कापू नयेत. नमुन्याचेही पैसे द्यावेत.

३. प्रत्येक नापास फाइलचा क्रमांक आणि कारण ठरलेल्या दिवसांत कळवावं. मुदतीत कळवलं नाही तर फाइल पास धरावी.

४. सुधारता येणाऱ्या चुकीसाठी किमान एकदा पुन्हा बोलायची संधी द्यावी.

५. नाकारलेला आवाज पुसून टाकल्याचं लेखी कळवावं. ठेवायचा असेल तर पूर्ण दर द्यावा.

६. हा आवाज कशासाठी वापरणार, त्यावरून नकली आवाज बनवणार का, ते आधी सांगावं आणि त्याची वेगळी संमती घ्यावी.

७. पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावेत.

आणि आपल्या बाजूने तीन कामं. एक, प्रत्येक गटाने आवाजाच्या कामाची वही ठेवावी : कुणी काम दिलं, दर काय, किती भरलं, किती नापास, कारण काय, पैसे कधी आले. दोन, पैसे हातात पडेपर्यंत कुणीही आपल्या फाइली पुसू नयेत. मेमरी कार्ड गटाच्या खर्चाने घ्यावं. तीन, गावात एक खोली मिळवावी. समाजमंदिराचा कोपरा, शाळेची सुट्टीतली खोली, अंगणवाडीची दुपारनंतरची जागा. तिथे गोधड्या लावू, पाळी लावू. बाईला मध्यरात्री उठून शांतता चोरावी लागू नये. ग्रामपंचायतीकडे आपण पाणी मागितलं, रस्ता मागितला, संडास मागितले. आता दिवसाचा एक शांत तास आणि एक दार लागणारी खोली मागू.

बारा गावच्या वह्या पुढच्या बैठकीत एकत्र आल्या, तर कोण पैसे बुडवतो हे आपल्याला कुणाला विचारावं लागणार नाही. मग आपण एकेकीने नाही, सगळ्यांनी मिळून जायचं आणि सांगायचं, ‘नापास म्हणता, तर कागद दाखवा; कागद नसेल तर मजुरी टाका.’

वही मी बरोबर आणली आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक गटाने एकेक घेऊन जावी. एवढं बोलून मी थांबते.